नऊ खोल्यांचा करार

आपल्याला समजणार नाही असं पुस्तक अजून छापलं गेलेलं नाही, असं हिंदुरावांचं ठाम मत होतं. दिवसा गिरणीच्या ऑफिसात कारकुनी, संध्याकाळी लॉ कॉलेज! केम गावाहून सोलापुरात येऊन त्यांनी चाळीत खोली घेतली आणि पहिल्याच वर्षी अख्खी चाळ त्यांना 'वकीलसाब' म्हणायला लागली.

पंचाहत्तर साली कॉलेजात नवा धडा आला, 'राष्ट्रांच्या वरचा कायदा'. सर म्हणाले, "युरोपातल्या नऊ देशांनी करार करून आपल्याच डोक्यावर एक कायदा आणि एक कोर्ट बसवून घेतलंय. देशाच्या कायद्याशी टक्कर झाली, तर वरचा कायदा जिंकतो!"

"पण सर, स्वतंत्र देश असं कशाला करेल?" एकानं विचारलं.

सरांनी चष्मा पुसला आणि घाईनं पान उलटलं. 

"त्यात काय अवघड?" हिंदुराव घरी येऊन बायकोला, सोनाबाईला, म्हणाले. "आपल्या चाळीतच करून दाखवतो!"

चाळीत खोल्याही नऊच, आणि नळ एक. प्रत्येक खोलीचा कायदा वेगळा. मडिवाळप्पा म्हणायचा, पूजेचं पाणी आधी. चपलांचे दुकानदार गैबीसाब म्हणायचे, दुकान उघडायचंय, आम्ही आधी. रोज सकाळी घागरींची लढाई! हिंदुरावांनी रविवारी सगळ्यांना बसवलं आणि करार केला. खोलीत खोलीचा कायदा, नळावर चाळीचा. 'प्रत्येक खोलीतल्या मोठ्या माणसांनी पाळीपाळीनं पाणी भरावं.' भांडण झालंच तर कोर्ट म्हणजे कोपऱ्यातल्या बजाबाई. एकट्याच राहायच्या, आणि आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा.

आठवडाभर नळावर देवळासारखी शांतता. हिंदुराव छाती फुगवून फिरत होते.

मग तो दिवस उजाडला. गैबीसाबांच्या मुलीला, गुलबानोला, बघायला वळसंगहून पाहुणे यायचे होते. पोरीचं पहिलंच स्थळ! चाळीत बिर्याणीची तयारी, सरबताची तयारी. नळाला पाणी आलं, आणि सोनाबाईनं हिंदुरावांच्या पुढ्यात घागर आदळली.

"हे काय?"

"तुमची पाळी हाय की."

"माझी? अगं, आपल्या खोलीत पाणी तू भरतेस!"

"करारात काय लिवलंय? मोठी माणसं. तुमी ल्हान हाय का?"

हिंदुरावांनी घागर बाजूला सारली. "ते खोल्याखोल्यांमधलं आहे, माणसांमधलं नाही! करार कुटुंबप्रमुखांनी केलाय. तुला त्यात बोलताच येत नाही!"

सोनाबाई तडक बजाबाईंकडे. घागरी जागच्या जागी थांबल्या, चाळ गोळा झाली.

"मला न्हाय बाई ह्यातलं कळत," बजाबाई गोंधळून म्हणाल्या. "पर हिंदुराव, तहान खोलीला लागती का माणसाला?"

"माणसाला... पण तो मुद्दाच नाही!"

"मग माणसानं बोलायचं न्हाय तर काय भिंतीनं बोलायचं? भरा पानी!"

वकील असा हरतो होय? हिंदुरावांनी आवाज चढवला. "ठीक! आमच्या खोलीत आत्ताच नवा कायदा झाला! पुरुषानं पाणी भरायचं नाही!"

आणि तिथंच घोटाळा झाला.

"ऐसा है क्या?" गैबीसाब पुढं आले. "तो हमारी खोली का बी नया कायदा! आज पयला पानी हमारेकू होना!"

"एनप्पा हे, काय चाललंय?" मडिवाळप्पा ओरडला. "मग माझी खोली करारातनंच बाहेर!"

"बाहेर पडता येत नाही!" हिंदुराव.

"का न्हाय?"

हे मात्र सरांनी सांगितलंच नव्हतं! "म्हणजे... येतं बहुतेक. पण नळ चाळीचाच राहतो. नाही, थांबा..."

कोणी थांबलं नाही. सगळ्या खोल्या एकदम कायदे करायला लागल्या. कोण कुणाशी भांडतंय तेही कळेना. एवढ्यात नळानं खाकरल्यासारखा आवाज केला आणि पाणी गेलं! भांडी सगळ्यांची कोरडी.

गैबीसाबांची बायको सुगराबी रिकाम्या हंड्याकडे बघून मटकन खाली बसली. "अब मेहमानांकू पिलाऊं क्या?" गुलबानो दाराआड डोळे पुसत होती. सगळी चाळ हिंदुरावांकडे बघायला लागली.

हिंदुरावांनी मुकाट्यानं घागर उचलली. विहीर लांब, ऊन चटके देणारं. खेपांवर खेपा! खांदा सोलून निघाला, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलात. आपल्या खोलीचा कायदा मोडला की चाळीचा पाळला, हे त्यांना एकाही खेपेत ठरवता आलं नाही. पण बिर्याणी शिजली, सरबत झालं.

शेवटची खेप घेऊन ते दारात आले, तर टांग्यातून पाहुणे उतरत होते. मुलाचे वडील पीरसाब खूश झाले. "गैबीसाब, पानक्या बडा मेहनती रखे तुमे!"

"पानक्या नई जी!" गैबीसाब अभिमानानं म्हणाले. "ये हमारे वकीलसाब हैं!"

पीरसाबांनी त्या ओल्या, चिखलानं माखलेल्या, धापा टाकणाऱ्या मूर्तीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मागं वळून मुलाला हळूच विचारलं, "क्यूं रे, तू बी आगे वकिली पढनेवाला बोल्या था ना?"

मुलगा हिंदुरावांकडे बघतच होता.

"नई अब्बा," तो म्हणाला. "अब मैं ट्रकच चलातूं."