जुडग्याचा फोर्ते

"आणि हे बघ, मी पियानोच्या स्टुलावरून उठेपर्यंत टाळी वाजवायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही!" रंगमंचाकडे जाता जाता बायकोने पुन्हा बजावलं.

नवरोबांनी मान डोलावली. त्यांचा धंदा कुलपं दुरुस्त करण्याचा. गेल्या मैफलीत एका रोमँटिक सोनाटाचा पहिला भाग संपताच त्यांनी एकट्याने कडाडून टाळ्या ठोकल्या होत्या. पुढचे भाग बाकी असताना टाळ्या वाजवत नाहीत, हे त्या बापड्यांना कुठलं ठाऊक! बायको पुढचे सूर चुकली आणि नंतर कितीतरी दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. आज तर पहिल्या रांगेत खुद्द संगीतकार बसलेला. त्याची नवी रचना तिने नीट वाजवली, तर तो तिला दौऱ्यावर नेणार होता.

सकाळीच तिने उलटतपासणी घेतली होती.

"रुबातो म्हणजे काय?"

"इथे रेंगाळायचं, तिथे धावायचं. मी गिऱ्हाइकांकडे जातो तसं."

"आणि फोर्ते?"

"जोरात. तू माझ्याशी बोलतेस तसं."

पूर्वार्धातलं रोमँटिक नॉक्टर्न, म्हणजे रात्रीची ती संथ धून, छान पार पडलं. नवरोबांचे हात शिवशिवत होते, म्हणून त्यांनी खिशातला किल्ल्यांचा भलामोठा जुडगा काढून दोन्ही हातांत घट्ट आवळला.

मग नवी रचना सुरू झाली. चाल नाही, ठेका नाही. मध्येच धडाम, मध्येच चिडीचूप. प्रत्येक शांततेला नवरोबा जुडगा आणखी घट्ट आवळायचे.

"संपलं का हो?" शेजारच्या काकू कुजबुजल्या.

"मला काय ठाऊक!"

"असं कसं? तुम्ही पियानोवालीचे यजमान ना? तुम्ही टाळी वाजवलीत की आम्ही वाजवू."

नवरोबांनी मागे पाहिलं. अख्खं सभागृह त्यांच्याकडेच डोळे लावून बसलं होतं. मेलो, ते मनात म्हणाले.

तेवढ्यात बायकोने दोन्ही हात उचलले आणि ती तशीच थांबली. हात खाली येईनात, ती उठेना. तिच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. घरात काही हरवलं की व्हायच्या तशा. ही शांतता रचनेतली की रचना संपल्यानंतरची? नवरोबांना दरदरून घाम फुटला. तळहात ओले झाले आणि जुडगा सटकला.

खण्ण!

संपलं असं समजून मागे कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. बायको दचकली, उठली आणि वाकली.

"चुकलं गं माझं," आतल्या खोलीत नवरोबा रडकुंडीला येऊन म्हणाले.

तिने त्यांना मिठीच मारली. "अरे, देवासारखा धावलास! शेवटचं पान डोक्यातून पार गेलं होतं. उठावं, तर संगीतकार समोरच बसलेला."

दारात संगीतकार उभा होता. "शेवटचं पान गाळलंत तुम्ही."

दोघांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बरं केलंत. मलाही ते कधी पटलं नव्हतं. पण तो खण्ण! तो मी रचनेत घालतोय. दौऱ्यावर हेही हवेत."

तेव्हापासून कुलपांच्या दुकानालाच कुलूप आहे. नवरोबा हॉटेलांच्या खोल्यांत जुडगा पाडायचा सराव करतात आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या शिव्या खातात.

"आज उशिरा पडल्या किल्ल्या," बायको म्हणते.

"अगं, रुबातो होता तो!"

परवा खण्ण झाल्यावर सभागृह दणाणून उठलं. नवरोबांचे हात अखेर मोकळे होते. ते जीव तोडून टाळ्या वाजवायला निघाले, तोच रंगमंचावरून बायकोने डोळे वटारले.

"आता काय झालं?" त्यांनी नंतर विचारलं.

"तूही आता कलाकार आहेस," ती म्हणाली. "स्वतःच्याच वाजवण्याला कुणी टाळ्या वाजवतं का?"