विरोधी पक्षनेत्याचा बंगला

त्या सकाळी राज्यातला विरोधी पक्ष संपणार होता आणि नेमकी आमदार झाकिए यांची गाडी दरडीखालच्या चिखलात रुतली होती.

आमच्या डोंगराळ राज्यात ही रीतच आहे. माणसं एकमेकांविरुद्ध लढून निवडून येतात आणि मग सगळी मिळून सरकारात बसतात. विरोधात राहून जनतेची सेवा होत नाही. निदान सरकारी गाडी तरी मिळत नाही. झाकिएंना मंत्रिपद हवं होतं. त्यांची बायको आवीनो हिने तर ते चर्चमध्ये सांगूनही टाकलं होतं.

ते मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर पोचले, तेव्हा मेजवानीतलं डुकराचं मांस संपलं होतं आणि पदंही.

"थेजाकाका, एखादं खातं?"

"वाटून झाली रे," मुख्यमंत्री थेजा म्हणाले.

"बांबू महामंडळ?"

"दिलं."

"मधमाशी मंडळ?"

"तिथे दोन अध्यक्ष नेमलेत. आता माश्या कमी पडतायत." थेजांनी झाकिएंचे चिखलाने माखलेले बूट न्याहाळले. "असं कर, तू बाहेरच राहा. एक तरी विरोधक हवा, नाहीतर दिल्लीवाले हसतात. विरोधी पक्षनेता हो. मंत्र्याचा दर्जा, बंगला, गाडी."

"आणि काम?"

"अधूनमधून ओरडायचं."

घरी आवीनो म्हणाली, "एवढी वर्षं मी फुकट ओरडतेय. मला कुणी सायकलसुद्धा दिली नाही!"

झाकिए ओरडू लागले. सभागृहात दुसरं कुणी बोलतच नसल्यामुळे वर्तमानपत्रांत रोज त्यांचाच फोटो येई. दुपारी निवांत झोप मिळे. हे पद जन्मभर टिकावं, अशी ते प्रार्थना करू लागले.

मंत्र्यांचे मात्र हाल होते. खाती सगळ्यांना मिळाली होती, खोल्या थोड्यांनाच. मत्स्यमंत्री जिन्यावर बसून फायली वाचत. एकदा ते मागच्या दाराने आले.

"दादा, तुमच्याकडे जागा आहे का?"

"नको रे बाबा! एकटा आलास तर कायद्याने आमदारकी जाईल तुझी."

ते खरंच होतं. एकट्याने उडी मारली तर ते पक्षांतर. दोन तृतीयांश पक्षाने मिळून मारली की ते विलीनीकरण. मत्स्यमंत्री समजूतदार निघाले. त्यांनी माणसं जमवली आणि सगळे एकदमच झाकिएंच्या पक्षात आले. बहुमतही त्यांच्याबरोबर आलं.

झाकिए नको नको म्हणत असताना राज्यपालांनी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. दुपारपर्यंत अंगणात पदं मागणाऱ्यांची रांग लागली. झाकिए आपलं सामान न्यायला विरोधी पक्षनेत्याच्या बंगल्यावर पळाले. तिथे थेजा खिडक्यांची मापं घेत होते. विरोधात आता ते एकटेच उरले होते.

"काका, शपथेवर सांगतो, तुमची माणसं मी फोडली नाहीत!"

"माहीत आहे. एकेकाला मीच पढवलं होतं. सगळ्यांना खूश ठेवता ठेवता झोप उडाली होती माझी." थेजांनी पडदा ओढून पाहिला. "तेवढं सांग, सकाळचं ऊन या खोलीत येतं का? मला आता उशिरा उठायचंय."