साहेबांचं अर्थिंग

वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, असं बायकोनं सांगितलं तेव्हा साहेबांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"मशीनला काही झालेलं नाही. तुझ्याच अंगात उष्णता फार आहे," ते म्हणाले.

साहेब तसे कोणाचेच साहेब नव्हते. गोदामातल्या खुर्च्या-टेबलांवर नंबर घालता घालता ते रिटायर झाले होते. तिथला शिपाई सगळ्यांनाच साहेब म्हणायचा, ते मनावर मात्र यांनी एकट्यानं घेतलं. राहतं घर सासऱ्यांनी बांधून मुलीला दिलेलं, म्हणजे यांना आयतंच मिळालेलं. आयत्या घराची माणसानं एक तर निगा राखावी, नाही तर निदान गप्प बसावं. साहेबांना दोन्ही जमत नव्हतं. दार करकरलं की "तुझ्या वडिलांचं सुतारकाम" आणि भिंतीला ओल आली की "तुझ्या वडिलांचं सिमेंट." बायको या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची.

"एकदा हात तरी लावून बघा," ती म्हणाली.

साहेब उठले, मशीनपाशी गेले आणि त्यांनी सबंध पंजा टेकवला. "कुठाय शॉक?"

"पायातल्या चपला काढून लावा की."

"चपला काढून? मी काय वेडा आहे?"

एवढं बोलूनही आपण नेमकं काय कबूल केलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. उलट त्यांना उपाय सापडला. संध्याकाळी मशीनपुढे आणि, तेही अधूनमधून झिणझिण्या देत म्हणून, फ्रिजपुढे नि मिक्सरखाली रबरी चपलांचा एकेक जोड आला. फ्रिज उघडायचा तर हा जोड घालायचा, मिक्सर लावायचा तर तो. स्वयंपाकघराला चपलांच्या दुकानाची कळा आली आणि साहेबांनी प्रश्न निकाली काढला.

तो उकरला गेला मुलीच्या फोनमुळे. नात नुकती रांगायला लागली होती आणि तिला घेऊन मुलगी महिनाभर राहायला येणार होती. आजी-आजोबांनी नातीला बारशानंतर पाहिलं होतं ते फोनच्या काचेतच. साहेब त्या काचेवर बोट फिरवून तिचे गाल ओढायचे. या एका गोष्टीत मात्र त्यांचा साहेबपणा पार गळून पडायचा.

"सगळी तयारी झालीये," ते फोनवर मुलीला म्हणाले. "छकुलीसाठी इटुकल्या रबरी चपलासुद्धा आणल्यात."

"चपला कशाला?"

"फ्रिज जरा चावतो ना."

मुलगी म्हणाली, "बाबा, ती रांगते. चपला काय तिच्या हातात घालू?"

साहेबांनी खरोखरच क्षणभर त्यावर विचार केला.

"घराला अर्थिंग आहे का?" मुलीनं विचारलं.

"ते तुझ्या आजोबांना विचारायला हवं होतं. आता ते कुठले सांगायला!"

"मग करून घ्या. तोवर मी पोरीला त्या घरात आणणार नाही."

फोन बंद झाला. बायकोनं धुऊन ठेवलेलं दुपटं परत कपाटात टाकलं. साहेबांना ते चांगलंच लागलं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. या माणसाच्या एका कानाला कायम फोन आणि दुसऱ्या कानावर पेन्सिल असे, त्यामुळे समोरच्याचं ऐकायला कान शिल्लक नसे. घरातले सगळे सॉकेट दोन भोकांचे होते. साहेबांनी हुकूम सोडला, "सगळीकडे तीन भोकांचे बसव."

"बसवतो. पण तिसऱ्याला मागून वायर..."

"तीन म्हटलं ना? मग तीन."

वायरमनला वाद घालायची हौस नव्हती. त्यानं तीन भोकांचे पांढरेशुभ्र सॉकेट बसवले. तिसऱ्या भोकाच्या मागे हवा होती. साहेबांनी प्रत्येक सॉकेटचा फोटो काढून मुलीला पाठवला. मुलीचं उत्तर आलं, "बाबा, मागून वायर ओढलीये का? की नुसतंच भोक?"

आता वायरमनला परत बोलवायचं म्हणजे त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण ऐकावं लागणार. साहेबांना ते कमीपणाचं वाटलं. शेजाऱ्यानं सांगितलं की त्याच्या मामांकडे अर्थिंग नळाच्या पाइपाला जोडलंय आणि मामा अजून ठणठणीत आहेत. एवढा पुरावा साहेबांना पुरला. त्यांनी स्वतः मशीनच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला मागून हिरवी वायर जोडली आणि तिचं दुसरं टोक न्हाणीघरातल्या लोखंडी पाइपाला गुंडाळलं. पाइप जमिनीत जातो, करंटही त्याच्याबरोबर जाईल, असा त्यांचा हिशेब होता. पाइप जमिनीत जात नव्हता. अंगणातला गंजलेला पाइप काढून तिथे प्लॅस्टिकचा टाकला होता, तोही त्यांनीच, स्वतः उभं राहून.

साहेब अंघोळीला बसले. बायकोनं बाहेर मशीन सुरू केलं. डोळ्यांत साबण गेला म्हणून साहेबांनी चाचपडत नळ धरला.

पुढचं सांगताना सभ्यपणा सांभाळायला हवा. साहेब टॉवेलासकट बाहेर आले, असं म्हणायचं आणि टॉवेल कुठे होता ते सांगायचं नाही.

"शॉक!" ते ओरडले. "अगं, शॉक लागला!"

बायकोनं आधी धावत जाऊन मेन स्विच पाडला, मग टॉवेल आणून दिला आणि मग शांतपणे म्हणाली, "अंगात उष्णता फार झाली असेल."

वायरमन परत आला. नळावरची वायर बघून त्यानं चक्क कानाचा फोन खाली घेतला. "काका, हे कोणी केलं? घरातल्या सगळ्या नळांनी शॉक मारला असता की! आधी त्या मशीनमधली गळकी वायर बदलतो. मग खड्डा खणून पट्टी पुरावी लागेल, नीट."

कारण मिळताच साहेबांना कंठ फुटला आणि ते बायकोकडे वळले. "हे तीस वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं! पण तुझ्या वडिलांना अक्कल असती तर ना! घर बांधलं आणि अर्थिंगचा पत्ता नाही. आज मी मेलो असतो. छकुलीला काही झालं असतं तर? खण रे तू, मीटरखाली खण. हिला बघू दे, तिच्या वडिलांनी काय पुरून ठेवलंय ते. माती! नुसती माती!"

वायरमननं मीटरखालच्या भिंतीलगत खणायला घेतलं. साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते आणि वडिलांचा पंचनामा बघायला बायकोलाही त्यांनी शेजारी उभं केलं होतं. थोडं खणल्यावर कोळशाचा काळा थर लागला आणि त्याखाली टिकाव ठणकन वाजला.

"काका, इथे तांब्याचा पत्रा आहे. मीठ, कोळसा, सगळं घालून पुरलाय. अर्थिंगचं झकास काम आहे हो! तारही जोडलीये." वायरमननं मातीतून बोटभर लांबीचं तांब्याचं जाड टोक वर ओढलं. "पण ही इथेच पक्कडीनं कापलीये कोणीतरी. भिंतीवरची बाकीची तार कुठे गेली?"

साहेब एकाएकी आभाळाकडे बघायला लागले.

"रंगकामाच्या वेळी यांनीच काढली," बायको म्हणाली. "भिंतीवर फार विद्रूप दिसते म्हणाले. टेस्टर लावून बघितला, पेटला नाही. मग म्हणाले, जिच्यात करंटच नाही ती तार ठेवून उपयोग काय?"

"अहो, अर्थिंगच्या तारेत एरवी करंट नसतोच, म्हणून तर..." वायरमननं साहेबांच्या तोंडाकडे बघून वाक्य सोडून दिलं. "बरं, मग फेकली का?"

"छे, फेकतील कसे? चांगलं तांबं आहे ते." बायकोनं परसदाराकडे बोट दाखवलं. "त्यावर मी इतकी वर्षं यांची बनियनं वाळत घालतेय."

परसात या खांबापासून त्या खांबापर्यंत जाड तांब्याची तार ताणलेली होती. साहेबांच्या सगळ्या बनियनांवर मधोमध हिरवट रेघ का उमटते, हे कोडंही तेव्हाच सुटलं. आजवर त्यासाठी त्यांनी साबण बदलून बदलून दुकानदाराचा जीव खाल्ला होता.

दुपारपर्यंत बनियनं खुर्चीवर आली आणि तार भिंतीवर गेली. वायरमननं एकेका सॉकेटपर्यंत हिरवी वायर ओढली आणि तपासायचा दिवा लावला. तो सगळीकडे लखलखीत पेटला, म्हणजे अर्थिंग पक्कं. बायकोनं चपला काढून मशीनला हात लावला आणि हात बराच वेळ तिथेच ठेवला. साहेबांना काहीतरी बोलायचं होतं, पण या घराबद्दल बोलायला त्यांच्याकडे वाईट शब्दच शिल्लक होते.

संध्याकाळी मुलीला फोन लावला. तो स्पीकरवर होता आणि पलीकडे जावईही ऐकत होते.

"अर्थिंग झालं गं. वायरमननं दिवा लावून दाखवला," आई म्हणाली. "या आता."

"परवाच निघतो! नवीन खड्डा खणला का?"

"नाही. तुझ्या आजोबांनी केलेलंच होतं, एकदम पक्कं. मध्येच तार तुटली होती, एवढंच."

"तुटली कशी?"

साहेबांनी हात जोडले. जावयासमोर तेवढं नको, असं त्यांचा सगळा चेहरा सांगत होता. बायकोनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

"उंदरानं तोडली," ती म्हणाली.

"तांब्याची तार? केवढा उंदीर होता आई तो?"

"बराच मोठा. पण आता घाबरायचं कारण नाही. रिटायर झालाय तो."