‘नको’ या शब्दास राज्यात मान मिळाल्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सरे, चैत्रमासी या वर्तमानास आरंभ जाहला, आणि ते जैसे कानी आले तैसे लिहिले आहे, पदरचे मीठ घातले असल्यास चवीपुरतेच.

एके राज्यी राणी सगुणाबाईसाहेब कारभार पाहत होत्या. महाराज कैलासवासी जाहले, युवराज येसाजीराव चौदा वर्षांचे, आणि ते जाणते होईतोवर राज्य बाईसाहेबांनी सांभाळावे ऐसे ठरले होते. बाईसाहेबांनी शत्रू नरम केला आणि बंडखोर वठणीवर आणिले, पण युवराजांच्या पोटात पालेभाजी उतरविणे काही साधेना. युवराज वेशीबाहेर बसणाऱ्या भिकोबा तळणवाल्याची भजी आणि शेव पोटभर खात, मग पंगतीस येऊन पानाभोवती पाणी फिरवीत आणि उठत. युवराज खातात म्हणून सरदारांची मुले खात आणि सरदारांची खातात म्हणून शिलेदारांची, ऐसे होता होता राज्यातील सारी पोरे दुपारी भिकोबाकडे आणि सायंकाळी वैद्यांकडे जाऊ लागली. गतवर्षी दसऱ्यास सीमोल्लंघनाची स्वारी निघाली, तेव्हा अर्ध्या वाटेत युवराजांस धाप लागली आणि त्यांनी घोडा सोडून पालखी मागितली. बाईसाहेबांनी लोकांच्या माना खाली गेलेल्या पाहिल्या. वैद्यराजांनी नाडी धरून सांगितले की रोग कोणताही नाही, खाणे तेवढे सुधारा. येत्या दसऱ्यास पुन्हा पालखी आली तर फौज या मुलास धनी मानणार नाही हे बाईसाहेब जाणून होत्या, आणि त्याहून अधिक, पोराचा उतरलेला चेहरा त्यांस पाहवत नव्हता.

मग दवंडी पिटविली की प्रत्येक मुलाच्या पानात भाजी पडलीच पाहिजे, आणि भिकोबास वेशीपासून हलविले. तो कोसभर दूर जाऊन बसला आणि मुले कोसभर चालत गेली, आणि वैद्यराज म्हणाले की एवढे चालणे मात्र गुणकारी. मेथी, चाकवत, अंबाडी पानोपानी पडू लागली आणि मुलांनी ती कनातीखालून शेळ्यांस घातली, आणि त्या साली राज्यातील शेळ्यांस जे तेज चढले ते पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

शेवटी बाईसाहेबांनी युवराजांस महाली बोलाविले. रागे भरावे ऐसे मनात होते, पण पोर समोर येऊन उभे राहिले आणि राग मावळला, आणि त्यांनी विचारिले की आमच्या मुदपाकखान्यात असे काय उणे आहे. युवराज बोलिले, “आईसाहेब, पंगतीत आम्ही नको म्हटले की दुप्पट वाढतात. भिकोबा नको म्हटले की थांबतो.”

आता त्या राज्याची रीत ऐसी, की पंगतीत नको म्हणणे हा विनय आणि तो न ऐकणे हा पाहुणचार. वाढप्यांस शिकवणच होती, की पहिला नको कानाआड करावा, दुसऱ्यास हसावे, आणि तिसऱ्यास पानावर आडवा हात आला तर बोटांच्या फटीतून वाढावे. पाहुण्यांस हे गोड वाटे, पण लेकरांचा नको खराच असे, आणि जो जिन्नस नको तोच पानात चढत जाई, म्हणून त्यांनी पंगतीचाच धसका घेतला होता. बाईसाहेबांस आधी हसू आले आणि मग फार वाईट वाटले, की आपण साऱ्या मुलखाचे अर्ज ऐकितो आणि पोटच्या पोराचा एक शब्द कधी ऐकिला नाही.

दुसरे दिवशी हुकूम जाहला की या राज्यात नको म्हणजे नको. कारभारी त्र्यंबकपंत घाबरे जाहले आणि म्हणाले की पाहुणचार बुडेल आणि मुले उपाशी मरतील. बाईसाहेब म्हणाल्या की भूक मुलांची आहे, ती त्यांस कळेल. मुलांनी परीक्षा पाहिली. भाजीस नको, वरणास नको, कोशिंबिरीस नको, आणि आचारी नारोबा भरली पातेली परत नेताना डोळे पुसू लागला. तरी बाईसाहेबांनी हुकूम फिरविला नाही. त्यांनी एवढेच केले की मुलांच्या पंगतीस पान मांडून बसू लागल्या. आजवर त्या मुलांस वाढून मागाहून जेवीत, म्हणून आईसाहेब काय खातात हे युवराजांनी कधी पाहिलेच नव्हते. एके दिवशी त्या कोवळ्या काकडीची कोशिंबीर, वर ओले खोबरे आणि मिरचीची फोडणी, मन लावून खात होत्या आणि कोणास काही सांगत नव्हत्या. युवराज पाहत राहिले आणि मग म्हणाले, थोडी द्या. बाईसाहेबांनी सवयीने पळी गच्च भरली, मग थबकल्या आणि अर्धी परत पातेल्यात घातली. युवराजांनी ते पाहिले, आणि त्या दिवशी कोशिंबीर संपविली.

तेथून हळूहळू घडी बसली. आज थोडे वरण, उद्या थोडी मेथी, कोणास दोडका रुचला, कोणास नाही रुचला, त्याची चौकशी जाहली नाही. भिकोबासही वेशीपाशी परत बोलाविले आणि बाजाराचा दिवस नेमून दिला, आणि तेवढ्या दिवशी मुले मजेत भजी खात. दसरा आला आणि युवराज घोड्यावर बसून सीमेपावेतो गेले आणि घोड्यावरच परत आले, थोडे घामेजले, पण पालखी मागितली नाही, आणि बाईसाहेब सज्जात उभ्या राहून चारचौघांदेखत रडल्या.

त्या रात्री मोठी पंगत बसली, आणि तेथे नवाच घोटाळा जाहला. बड्या सरदारांनी रीतीप्रमाणे विनयाने नको म्हटले आणि वाढपी हुकमाप्रमाणे पुढे गेले, आणि कित्येक मातब्बर अर्धपोटी राहिले. श्रीखंड बाईसाहेबांपाशी आले, त्याही जन्माच्या सवयीने नको म्हणून गेल्या आणि वाढपी निघाला. तोच युवराजांनी त्यास थांबविले आणि आईकडे वळून हळूच विचारिले, “आईसाहेब, खरेच नको?”

बाईसाहेबांस हे आजवर कोणी विचारिले नव्हते, माहेरी नाही आणि सासरीही नाही. त्या वाटी पुढे करून म्हणाल्या, “हवे आहे. दोन वाट्या वाढा.”

येणेप्रमाणे त्या राज्यात मुले खाऊ लागली आणि मोठी माणसे खरे बोलू लागली. युवराजांनी पुढे उत्तम राज्य केले, पडवळ मात्र अखेरपर्यंत खाल्ले नाही, आणि त्यावाचून काही अडले नाही. इति वर्तमान समाप्त.