लेण्यांची उजळणी

संध्याकाळी पाचला अंतराच्या लग्नाची बोलणी करायला ठाण्याची मंडळी डोंबिवलीत येणार होती, आणि भरदुपारी तिचे वडील श्रीपादराव लोणाडच्या डोंगरावर घोटाभर चिखलात उभे होते. दोष त्यांच्याच जिभेचा. मुलाचे वडील दिगंबरपंत फोनवर सहज म्हणाले होते, "लोणाडची बौद्ध लेणी मी कितीदा पाहिलीत!" श्रीपादरावांना चेव आला. "अहो, तिथला दगडन् दगड माझ्या ओळखीचा!" "वा, मग भेटल्यावर त्यावरच बोलू," पंत म्हणाले, आणि लेण्यांचं नाव फक्त रस्त्यावरच्या पाटीवर वाचलेल्या श्रीपादरावांची झोप उडाली.

"तासाभरात उजळणी करून येऊ," म्हणत त्यांनी सुहासिनीबाईंनाही ओढून आणलं. बूट काढले, भिजायला किंवा हरवायला नको म्हणून गाडीची किल्ली उजव्या बुटाच्या टोकात सरकवली आणि अनवाणीच आधी छोटा धबधबा, मग लेणी पाहून घेतली. परत येऊन बुटात पाय घातला. किल्ली नव्हती.

आसपास एकच माणूस होता. टक्कल पडलेले एक गृहस्थ मोबाईलमधलं काहीतरी पुटपुटत पाठ करत होते.

"ओ काका, किल्ली द्या!"

"कसली किल्ली?"

"माझ्या बुटातली! चांगल्या घरचे दिसता, आणि लोकांच्या बुटात हात घालता? मला पाचच्या आत घरी पोचायचंय!"

"मलाही पोचायचंय! तोंड सांभाळून बोला, नाहीतर पोलिसांना बोलावीन."

"बोलवाच! चोर तो चोर, वर शिरजोर!"

"अहो," सुहासिनीबाई हळूच म्हणाल्या, "हे बूट आपले नाहीत. आपल्या बुटांची टाच झिजलीय."

पावसाळ्यात अर्धी डोंबिवली असलेच काळे प्लास्टिकचे बूट घालते. श्रीपादरावांचे बूट मागच्या दगडाआड किल्लीसकट शाबूत होते.

"म्हणजे माझे बूट घालून मलाच चोर म्हणताय?" गृहस्थ कडाडले. श्रीपादरावांनी ते बूट तिथेच टाकले, आपले हातात घेतले आणि माफीबिफी न मागता डोंगर उतरून पळ काढला.

पाचला बेल वाजली. श्रीपादरावांनी हसतमुखाने दार उघडलं. समोर नवरामुलगा अपूर्व, त्याची आई आणि त्यांच्या मागे तेच टक्कल! पोरीने स्वतः निवडलेलं स्थळ, आणि बापाने त्यावर पाणी ओतलं. आता हा माणूस काय बोलेल?

"सॉरी काका, थोडा लेट झाला," अपूर्व म्हणाला. "बाबा दुपारभर लायब्ररीत होते."

श्रीपादरावांची नजर पंतांच्या पँटकडे गेली. तिच्यावर लोणाडचा लाल चिखल अजून ओला होता. पंतांनीही ती नजर पाहिली.

"आपली भेट पहिल्यांदाच होतेय," पंत घाईघाईने म्हणाले.

"अगदी पहिल्यांदाच!" श्रीपादरावांनी त्यांचा हात घट्ट धरला. सुहासिनीबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या.

मग पावसावर बोलणं झालं, पोह्यांवर झालं, मुहूर्तावरही झालं. लेण्यांचं नाव मात्र कोणी काढलं नाही. लग्न ठरलं.

निघताना पंतांनी दाराशी आपला उजवा बूट उचलला आणि उलटा करून शांतपणे झटकला.

"तुमची किल्ली नको जायला."

"कसली किल्ली?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"काही नाही!" दोघे व्याही एका सुरात ओरडले.