यारोस्लावकाकांचा नवा पिक्चर

चंडीगडजवळच्या झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीला गाडी घासून दोघं एकमेकांच्या अंगावर गेले, की आमचे यारोस्लावकाका ऑटोतून खाली उतरतात. ऐंशी ओलांडलेला, उंचच उंच, लालबुंद गोरा म्हातारा. कमरेवर हात ठेवून सगळं भांडण ऐकतात आणि एकाला समजावतात, "भाईसाहब, आप बहुत जल्दी चिल्लाए. थोडा रुककर." भांडणारे गोंधळून आपापल्या गाडीत बसतात. काका मात्र हळहळतात, "चांगला सीन गेला."

काका मूळचे प्रागचे, सिनेमाचे दिग्दर्शक. अख्खं नाव कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून बिल्डिंगमध्ये ते 'यारजी'. नवऱ्याच्या एअर फोर्सच्या पोस्टिंगमुळे आम्ही इथं नवीनच आलो होतो. लिफ्टमध्ये मी आईशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "कोल्हापूरच्या व्हय तुम्ही?" मी वळले आणि आधी त्यांच्या मागे कोण उभं आहे ते पाहिलं.

ही मराठी त्यांच्या बायकोची, सुधाताईंची.

तरुणपणी काकांनी एक विनोदी पिक्चर लिहिला आणि स्वतःच केला. मंत्र्याचं भाषण चालू असताना अख्ख्या बँडपथकाला झोप लागते, अशी काहीतरी गोष्ट. तिथल्या सरकारला विनोद कळला, हीच पंचाईत झाली. पिक्चर कुलपात गेला आणि काका बॉयलरमध्ये कोळसा टाकायला. फावल्या वेळात मित्राच्या नावावर मुलांच्या सिनेमांच्या पटकथा लिहायचे. सरकार बदललं, कुलूप निघालं, तोवर नायिका आजी झाली होती. "नातवाला मांडीवर घेऊन बघितला तिनं," काका सांगतात, "नातू झोपला."

तोच पिक्चर घेऊन ते चंडीगडला आले. सुधाताई इथल्या कॉलेजात रशियन शिकवायच्या. सेक्टर १७ मधल्या खेळाला काका शेजारी बसून चेक संवाद रशियनमध्ये सांगत आणि त्या माइकवरून हिंदीत. एका संवादाला ताईंना असं हसू फुटलं की भाषांतर राहूनच गेलं. हॉल ताटकळला. "मी तितंच ठरवलं," काका म्हणतात, "आता घरला जायचं न्हाई."

काही वर्षांपूर्वी सुधाताई गेल्या.

गेल्या हिवाळ्यात काकांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात एक छोटा पिक्चर करायला घेतला. कॅमेरा धरायला आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा शेजारचा गुरप्रीत, नायिका मी. संवाद एकच: "चला, जेवून घ्या. गार होतंय."

मी म्हटलं. काका म्हणाले, "परत."

परत म्हटलं. "परत."

ताटातलं पिठलं खरोखरच गार झालं. शेवटी गुरप्रीतनं कॅमेरा खाली घेतला. "यारजी, ग़लती क्या है? पहला वाला ही ठीक था."

"ग़लती कुछ नहीं," काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "सुधा गेल्यापास्नं मला कुणी जेवायला बोलवलं न्हवतं. आपल्या भाषेत."

मी पिठलं पुन्हा गॅसवर ठेवलं आणि तिघांची पानं वाढली.

"तुमची बदली कवा?" काकांनी जेवता जेवता विचारलं.

"अजून दीड वर्ष आहे."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, जरा विचार केला.

"मग दोन पिक्चर व्हतील," ते म्हणाले. "दुसऱ्यात तुमास्नी डायलॉग जास्त देतो."