जेवण झाले का : एकमेव प्रश्नाचा अहवाल

वय वाढले की बाईची भूक कमी होते, हा निसर्गनियम आहे. (पुरुषांना तो लागू होत नाही. निसर्गाने कारण कळवलेले नाही.)

तरीही कोणी अपवाद असल्यास सोय व्हावी, म्हणून नाशिकमधल्या आमच्या कॉलनीच्या मंडळाने पासष्टच्या पुढच्या महिलांसाठी दुपारच्या मोफत डब्याची योजना आखली. दोन पोळ्या, वरण, भाजी. अट एवढीच की गरज सिद्ध व्हावी. अर्जात एकच प्रश्न ठेवला, म्हणजे घोटाळा नको.

प्रश्न १. जेवण झाले का?

घर क्रमांक १४. विठाबाई, वय ७२. पती अंबडला कारखान्यात होते, आता भिंतीवर असतात. मुलगा नवनाथ चांदवडला शिक्षक. दर रविवारी फोन करतो (खंड नाही). दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आले आहे. शेजारच्या कुसाबाई सटाण्याला लेकीकडे गेल्यापासून तवा दिवसाआड तापतो. पूर्वी एकीची भाकरी, दुसरीचं कालवण आणि मधे उंबरा असे. आता चहात टोस्ट बुडवला की दुपार भागते. ‘एकटीसाठी काय गॅस जाळायचा’ या विठाबाईंच्या अर्थशास्त्रात मंडळाला चूक सापडली नाही.

बुद्धविहारात पौर्णिमेच्या खीरदानाच्या दिवशी मात्र याच बाईंनी तीन वाट्या खीर खाल्ल्याची नोंद आहे. त्या दिवशी कुसाबाई आल्या होत्या आणि शेजारीच बसल्या होत्या. (योगायोग.)

सर्वेक्षणाला मंडळाच्या साधनाताई गेल्या. वेळ दुपारी साडेबारा.

“मावशी, जेवलात का?”

“झालं.”

“काय केलं होतं?”

(हा प्रश्न अर्जात नाही. साधनाताईंना समज देण्यात आली आहे.)

“नेहमीचंच गं. तुझं झालं का?”

“कुठलं. अजून सात घरं आहेत.”

“मग उपाशी फिरतेस होय? बस खाली.”

“अहो, कशाला मावशी.”

“कशाला काय, भूक लागलीये म्हणून. बस.”

विठाबाईंनी गॅस पेटवला. पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. साधनाताई एकट्या जेवेनात, म्हणून “बरं, तुला सोबत” असे म्हणून स्वतःही ताट घेतले. दीड भाकरी खाल्ली. वर चतकोर, ती उरू नये म्हणून.

अशा रीतीने विठाबाईंचे उत्तर खरे ठरले. खरे व्हायला फक्त चाळीस मिनिटे लागली.

साधनाताईंनी मात्र अर्जाच्या समासात लिहिले : ‘खोटं सांगतात. डबा सुरू करावा. जेवताना कोणीतरी सोबत बसावं.’ मंडळाच्या बैठकीत यावर गंभीर चर्चा झाली. समास हा अर्जाचा भाग आहे का, यावर मतभेद झाले. ‘सोबत’ कुठल्या दुकानात मिळते आणि काय भावाने, हे कोणालाच सांगता आले नाही. अध्यक्ष रंगनाथराव म्हणाले, “बाई स्वतः झालं म्हणतेय, मग आपण कोण नाही म्हणणारे?” त्यांना घरून जेवायला बोलावणे आले, तेव्हा बैठक संपली.

निष्कर्ष : महिला ४१. उत्तर ‘झालं’ ४१. गरजू शून्य. डबा रद्द.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी एक वाजता नवनाथचा फोन आला. ओट्यावर टोस्टचा पुडा उघडा होता.

“जेवलीस का, आई?”

“झालं.”

“बरं. ठेवतो.”

योजना बंद झाल्यामुळे मंडळाकडे बरेच कोरे अर्ज शिल्लक आहेत. ते वाया जाऊ नयेत म्हणून एक वाचकांसाठी खाली जोडला आहे.

प्रश्न १. आपल्या आईचे आज जेवण झाले का?

(उत्तर तिला न विचारता लिहावे. विचारल्यावर ती काय सांगते, ते मंडळाला ठाऊक आहे.)